ठाणे, स्टेशन आणि स्टेशनरी

'ठाणे स्टेशन' म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा म्हणत असतो. ठाण्याचं जुनं नाव श्रीस्थानक; शिलाहारांच्या लेखांत ते तसंच येतं. 'स्थान'च्या पोटात 'स्था' हा धातू आहे, अर्थ उभं राहणं. 'स्टेशन' आलं लॅटिन 'स्टातिओ'वरून, त्याच्या पोटातला धातू 'स्टा', आणि अर्थ तोच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली आगगाडी ठाण्याला लागली, तेव्हा हजारो वर्षांपूर्वी पांगलेली ही दोन भावंडं एका फलाटावर समोरासमोर आली आणि कुणी कुणाला ओळखलं नाही. 'पोलीस स्टेशन'चं 'पोलीस ठाणे' करणाऱ्यानेही, बहुधा नकळत, तोच धातू परत जागेवर ठेवला आहे.

इंग्रजी शब्द पाठ करायच्या वह्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भरल्या गेल्या. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, रोज दहा. परीक्षा संपली की त्यातले बहुतेक गायब. नॉर्मन लुईस या अमेरिकन लेखकाने १९४९ साली 'वर्ड पॉवर मेड ईझी' लिहिलं ते या वहीवर उतारा म्हणूनच म्हणा ना. फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे ते आजही हमखास असतं. लुईस यांची युक्ती अशी की, शब्द सोडा, धातू धरा. एका धातूमागे वीस शब्द आपोआप येतात. पुस्तकाची सुरुवातच होते 'इगो' या लॅटिन शब्दापासून, म्हणजे 'मी'. पण लुईस अमेरिकन वाचकांसाठी लिहीत होते, त्यामुळे आपल्या कामाची गोष्ट त्यांच्या पुस्तकात नाही. हा 'इगो' म्हणजे आपला 'अहम्'. इगोइस्टला आपण अहंकारी म्हणतो तेव्हा शब्दाचं पहिलं पद जसंच्या तसं उचललेलं असतं. पुढे लुईस 'इंट्रोव्हर्ट', 'एक्स्ट्रोव्हर्ट'कडे वळतात. त्यातला 'व्हर्ट' म्हणजे वळणं, फिरणं, आणि तो आपला 'वृत्'. म्हणून पुस्तकाची 'आवृत्ती' आणि सॉफ्टवेअरचं 'व्हर्जन' एका धातूची. कामावरून परत फिरलेला तो 'निवृत्त', आणि मागे फिरणं म्हणजे 'रिव्हर्ट'. अमेरिकन वाचकाला जे परभाषेतून शिकावं लागतं, ते मराठी वाचकाच्या घरात आधीच पडून आहे. फक्त कुणी सांगितलेलं नसतं.

हे नातं पहिल्यांदा ठसठशीतपणे मांडलं ते कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टातल्या एका न्यायाधीशाने. विल्यम जोन्स तिथे संस्कृत शिकत होते. २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात त्यांनी सांगितलं की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंत आणि व्याकरणात इतकं साम्य आहे की ते योगायोगाने आलेलं असणं शक्य नाही. तिघींचा उगम एकच असला पाहिजे, आणि ती मूळ भाषा कदाचित आता उरलेलीही नसेल. इंग्रजीही याच कुळातली, जर्मानिक शाखेची. म्हणजे इंग्रजी संस्कृतातून निघाली असं मुळीच नाही. त्या चुलत घराण्यातल्या, एवढंच.

मग 'पितृ' आणि 'फादर' एकच, हे ओळखायचं कसं? इथे परीकथावाले ग्रिमबंधू येतात. थोरला याकोब ग्रिम पेशाने भाषापंडित होता. १८२२ मध्ये त्याने एक नियम मांडला. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कच्या लक्षात तो चार वर्षं आधीच आला होता. संस्कृत किंवा लॅटिनमध्ये जिथे 'प' आहे तिथे इंग्रजीच्या जुन्या, घरच्या शब्दांत 'फ' सापडतो, 'त'च्या जागी 'थ', 'द'च्या जागी 'ट', 'ग'च्या जागी 'क'. पितृ, फादर. पूर्ण, फुल. त्रि, थ्री. द्वि, टू. दश, टेन. 'दन्त'ला नियम दोनदा लागतो: 'द'चा 'ट', 'त'चा 'थ', मधला 'न' वाटेत गळतो, आणि हाती येतो 'टूथ'. मूळचा 'ग' संस्कृतात पुष्कळदा 'ज' झाला, इंग्रजीत 'क'. म्हणून 'जानु' आणि 'नी', म्हणजे गुडघा. 'नी'च्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला मुका 'के' उभा असतो ना, तोच हा. पूर्वी त्याचा उच्चार होत असे. 'नो', म्हणजे जाणणं, यातला 'के'ही तसलाच. त्याच्या समोर संस्कृतात 'ज्ञा' आहे आणि मराठीत 'जाण'. शाळेत या 'के'साठी ज्यांनी छड्या खाल्ल्या त्यांना हे वाचून थोडं बरं वाटावं. १८६९ साली टी. एच. हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने 'अ‍ॅग्नॉस्टिक' हा शब्द घडवला; आपण त्याला अज्ञेयवादी म्हणतो. ग्रीक 'अ' म्हणजे आपला 'अ', ग्रीक 'ग्नो' म्हणजे आपला 'ज्ञ'.

इंग्रजीची गंमत, आणि शिकणाऱ्याची पंचाईत, अशी की तिच्याकडे घरची आणि लॅटिन-ग्रीक, दोन्ही रूपं आहेत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली. पुढे पंडितांनी लॅटिन आणि ग्रीकमधून गाडाभर शब्द आणले. म्हणून दुखतो तो 'टूथ', पण जायचं 'डेन्टिस्ट'कडे. बाप 'फादर', पण वडिलोपार्जित ते 'पॅटर्नल'. घरच्या शब्दात 'फ', पाहुण्यात 'प'. हे एकदा ध्यानात आलं की इंग्रजी शब्दकोश अर्धा पातळ होतो.

आता एका पायाचाच माग काढू. संस्कृत 'पाद', मराठी 'पाय', लॅटिन 'पेड', ग्रीक 'पोड', इंग्रजी 'फूट'. सायकलचं पेडल पायाने मारतात, पायी चालणारा पेडेस्ट्रियन, आठ पायांचा ऑक्टोपस, आणि त्यातला 'ऑक्टो' म्हणजे 'अष्ट'. इथवर कुठल्याही शब्दसंपदेच्या पुस्तकात मिळेल. पुढचा माग बुद्धिबळाच्या पटावरून जातो. आपलं 'प्यादं' फारसीतून आलं. 'पियादा' म्हणजे पायी चालणारा शिपाई, आणि फारसीही याच कुळातली. इंग्रजीत त्या मोहऱ्याला 'पॉन' म्हणतात. मध्ययुगीन लॅटिनमध्ये पायदळातल्या शिपायाला 'पेडो' म्हणत, तो शब्द फ्रेंचांच्या तोंडी झिजून 'पॉन' झाला. म्हणजे पटाच्या दोन बाजूंना बसून एक जण 'प्यादं' म्हणाला आणि दुसरा 'पॉन', तरी दोघांनी एकच धातू उच्चारला. तोच पायदळी शिपाई पोर्तुगीजांच्या बोलीतून हिंदुस्थानातल्या कचेऱ्यांत शिरला आणि साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसला: प्यून. फ्रेंच सैन्यात असेच काही शिपाई पुढे जाऊन खंदक खणत, वाट मोकळी करत. त्यांच्यावरून झाला 'पायोनियर'. ज्याला आपण आद्य प्रवर्तक म्हणून हार घालतो तो पायोनियर आणि तो हार आणून देणारा प्यून, मुळात एकाच पलटणीतले.

अजून आहे. 'इम्पीड' म्हणजे अडथळा आणणं. शब्दशः पायात बेडी अडकवणं. मराठीत आपण काय म्हणतो? पायबंद घालणं. उलट 'एक्स्पिडाइट' म्हणजे बेडीतून पाय सोडवणं, म्हणून काम झटपट उरकणं. सरकारी पत्रावर 'प्लीज एक्स्पिडाइट' असा शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याला आपण फाइलीच्या पायातली बेडी काढायला सांगतो आहोत याची कल्पना असती, तर त्याने तो शेरा जरा जपून मारला असता.

आणि टीपॉय! दिवाणखान्यातलं ते बुटकं टेबल. मूळ शब्द 'तिपाई', तीन पायांची. इंग्रजांनी तो हिंदीतून उचलला, त्यांच्या कानाला 'ती'च्या जागी 'टी' ऐकू आला, आणि चहाचे कप त्यावर ठेवतातच म्हटल्यावर स्पेलिंगही चहाचं झालं. मग तोच शब्द साहेबी होऊन आपल्या घरात परतला आणि आपणही त्याला चहाचं टेबल समजू लागलो. खरं तर 'तिपाई'चा सख्खा जोडीदार कॅमेऱ्याखाली उभा असतो: 'ट्रायपॉड'. तीनला तीन, पायाला पाय.

पण पाय दिसला की धावायचं नाही. मुलांच्या डॉक्टरला 'पीडिअ‍ॅट्रिशियन' म्हणतात. अमेरिकी स्पेलिंगमध्ये त्याच्या सुरुवातीला 'पेडल'मधलीच तीन अक्षरं दिसतात, पण पायाशी त्याचा काही संबंध नाही; ग्रीकमध्ये 'पाइस' म्हणजे मूल. ब्रिटिश स्पेलिंग 'पी'नंतर 'ए' आणि 'ई' अशी दोन्ही अक्षरं राखून ठेवतं, ते याच कारणाने उपयोगी आहे. पायांचा डॉक्टर वेगळा, तो 'पोडायट्रिस्ट'.

चकवणाऱ्या जोड्यांची खरी मजा इथेच सुरू होते. सारखे दिसणारे इंग्रजी शब्द आपण 'लक्षात ठेवा' या सदरात घोकतो. माझं मत असं की, यातल्या बऱ्याच जोड्या घोकायच्या नाहीतच, उलगडायच्या आहेत. पुष्कळदा त्या एकमेकींशी गोंधळतात कारण त्या मुळात जुळ्या आहेत.

'स्टेशनरी' घ्या. 'आर'च्या आधी 'ए' असेल तर अर्थ स्थिर, जागचा न हलणारा. 'ई' असेल तर कागद, पेनं, पाकिटं. यात काय नातं असणार? आहे. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते माल पाठीवर टाकून गावोगाव हिंडत. विद्यापीठांच्या आसपास पुस्तकं नि लेखनसाहित्य विकणारे मात्र एका जागी दुकान मांडून बसत. ते 'स्टेशनर', म्हणजे ठाण मांडून बसलेले. लंडनमधल्या या व्यापाऱ्यांच्या स्टेशनर्स कंपनीला १५५७ मध्ये राजाज्ञेने सनद मिळाली. बेकर विकतो ती बेकरी, तसं स्टेशनर विकतो ती 'ई'वाली स्टेशनरी. एवढं कळलं की 'ए' आणि 'ई'चा प्रश्न पुन्हा उभा राहत नाही. शाळेबाहेरच्या दुकानावरची पाटी आणि ठाणे स्टेशनची पाटी एकाच धातूची, हे वर फुकट.

दुसरी जोडी 'कॉम्प्लिमेंट' आणि 'कॉम्प्लेमेंट'. एक प्रशंसा, दुसरं पूरक. दोन्हींत लॅटिन 'प्लेरे', भरणं, आणि तो धातू आपल्या 'पूर्ण'चा. 'कम्प्लीट'मधला 'ई' ज्याने राखला तो पूरक, हे सोपं. 'आय'वाला मात्र स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच असा हिंडत आला. तिकडच्या दरबारी रीतीत शिष्टाचार पुरा करणं म्हणजे दोन गोड शब्द बोलणं, म्हणून तो प्रशंसेचा झाला. याच घरातला तिसरा भाऊ 'सप्लिमेंट'. रविवारच्या वर्तमानपत्राबरोबर येणाऱ्या सप्लिमेंटला मराठीने काय नाव दिलं? पुरवणी. 'प्ले' आणि 'पुर' एकच आहेत हे नाव देणाऱ्याच्या गावीही नसेल, पण शब्द अचूक बसला.

तिसरी तऱ्हा उपसर्गांची. संस्कृत शिकलेल्यांना एका 'हृ' धातूची करामत आठवत असेल: प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. धातू तोच, उपसर्ग बदलला की अर्थ पार दुसरीकडे. (मराठीत 'उपसर्ग' म्हणजे त्रासही, हे शाळकरी पोरांना आधीच माहीत असतं.) लॅटिनचा कारभार हुबेहूब असाच आहे. 'मिनेरे' म्हणजे पुढे झुकणं, बाहेर येणं. गर्दीतून बाहेर उठून दिसतो तो 'एमिनंट' वकील; डोक्यावर लटकून राहिलेलं संकट 'इमिनंट'. देश सोडून बाहेर जाणारा 'एमिग्रंट', आत येणारा 'इमिग्रंट'. पुण्याहून न्यू जर्सीला गेलेला एकच माणूस पुण्याच्या हिशेबी पहिला आणि न्यू जर्सीच्या हिशेबी दुसरा.

आता स्पेलिंगमध्ये 'एम' एक की दोन, हा कायमचा घोळ. त्याचं उत्तर संधीत आहे. 'उत्' आणि 'नती' मिळून 'उन्नती' होते, 'त'चा 'न' होऊन 'न' दुप्पट होतो. तसंच 'इन' आणि 'मिनंट' जोडले की 'न'चा 'म' होतो आणि दोन 'एम' येतात. 'एमिनंट'मध्ये उपसर्ग नुसता 'ए', त्यात व्यंजनच नाही, दुप्पट होणार कोण? म्हणून एकच 'एम'. 'इल्लीगल'मधले दोन 'एल', 'इर्रेग्युलर'मधले दोन 'आर', 'अफेक्ट'मधले दोन 'एफ', सगळे संधीचे. इंग्रजी शाळांत याला स्पेलिंग म्हणून मारून मुटकून शिकवतात. दहावीपर्यंत संस्कृत घेतलेल्या मुलाला ते एका तासात समजावं.

काही उपसर्ग तर थेट आपलेच आहेत. 'परिमिती' आणि 'पेरिमीटर' शेजारी लिहून बघा: 'परि'ला 'पेरि', 'मिती'ला 'मीटर'. 'उपरि' हा ग्रीकमध्ये 'हायपर', लॅटिनमध्ये 'सुपर', इंग्रजीत 'ओव्हर', आणि झिजत झिजत मराठीत 'वर'. 'उप' हा ग्रीकमध्ये 'हायपो'. ही जोडी गोंधळली तर जिवावर बेतू शकतं, कारण रक्तातली साखर वर गेली की 'हायपरग्लायसेमिया' आणि खाली गेली की 'हायपोग्लायसेमिया', आणि दोन्हींवरचे उपाय उलटे. मराठी माणसाला इथे चुकायचं कारण नाही: ज्यात 'र' आहे तो वरचा. वर, उपरि, हायपर. राहिलं 'टेन्शन'. लॅटिनमधला 'तेन्', ओढणं, म्हणजे आपला 'तन्'. त्यातून तंतू, आणि त्यातूनच ताण. 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणणाऱ्याला 'मराठीत बोल' असं दटावणाऱ्याने जरा दमाने घ्यावं. हायपरटेन्शन म्हणजे अक्षरशः वर गेलेला ताण.

एक जोडी मात्र जुळ्यांची नाही, तोतयाची आहे. नकाराचा लॅटिन 'इन' हा आपल्या 'अ', 'अन्'चा भाऊ. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे अमूल्य. पण 'आत' या अर्थाचाही एक 'इन' आहे. पेट्रोलच्या टँकरवर 'इनफ्लेमेबल' लिहितात त्यातला 'इन' हा दुसरा: ज्वाळेत शिरणारं, म्हणजे ज्वलनशील. त्याला नकार समजून कुणी काडी ओढली तर? याच भीतीने आगीपासून सुरक्षिततेचं काम करणाऱ्यांनी पुढचा 'इन' छाटून नुसतं 'फ्लेमेबल' चालवलं. आज दोन्ही शब्द आहेत आणि दोन्हींचा अर्थ एकच. भाषेच्या शुद्धतेपेक्षा जीव मोठा, हा निर्णय मला तरी योग्य वाटतो.

इतकं सगळं वाचून झालं की डोळ्यांना जिकडेतिकडे नाती दिसू लागतात, आणि मग माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजीतला प्रत्येक शब्द संस्कृतचा असल्याचं सिद्ध करू लागतो. त्याच्यासाठी 'बदनाम' हा एकच शब्द पुरे. 'नाम' आणि इंग्रजी 'नेम' खरोखर एका कुळातले. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा उच्चार जवळचा, अर्थ तोच, आणि नातं शून्य. निव्वळ योगायोग. इंग्रजी 'डे' आणि आपला 'दिवस' यांचंही तेच. नियमाप्रमाणे संस्कृत 'द'समोर इंग्रजीत 'ट' हवा, 'डे'मध्ये तो नाही, म्हणून ते नातं रद्द. 'देव'च्या घराण्यातला 'ट' सापडतो तो 'ट्यूझडे'मध्ये, 'टिऊ' या जुन्या जर्मानिक देवाच्या नावात. सारखं दिसणं हा पुरावा होत नाही. नियमाने वेगळं दिसणं हा होतो. शिवाय काही शब्द सारखे असतात ते उसने घेतल्यामुळे. आपलं 'केंद्र' ग्रीक 'केन्त्रोन'वरून संस्कृतात आलं, आणि 'सेंटर'ही त्याच शब्दावरून. ज्योतिषातला 'होरा'ही ग्रीकच. इंग्रजीत तो 'अवर' झाला. पंचांग बघणाऱ्या कुणाला हे सांगून पाहा, फार वेळ विश्वास बसत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी इंग्रजी शब्दकोशात अर्थ पाहाल, तेव्हा त्याच्याजवळ बारीक टायपात छापलेली व्युत्पत्ती वगळू नका. घरी कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ चा 'मराठी व्युत्पत्ति कोश' असेल तर तोही शेजारी उघडून ठेवा. सुरुवातीला हे चार शब्द घ्या: चक्र, व्हील, सायकल, सर्कल. तिघं एका घरचे आहेत, चौथा परका. कोणता, ते मी सांगत नाही; शोधायला दहा मिनिटंही लागणार नाहीत.